वारेला ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा... बोटावरचे ऑक्सिमीटर हे का सांगत नाही?

गरोदरपणाच्या सुरुवातीला वारेला कमी ऑक्सिजनच हवा असतो. पुढे मात्र तोच कमी ऑक्सिजन आईच्या रोगप्रतिकारक पेशींना बिथरवू शकतो. हे कसे घडते आणि कोणती तपासणी चुकवू नये? जाणून घ्या सविस्तर.

पुनावळे, ताथवडे, रावेत या पट्ट्यात तरुण कुटुंबांची संख्या झपाट्याने वाढली आहे. नोकरी हिंजवडी किंवा चाकणला आणि सासर-माहेर दूर गावी, अशी अनेकांची स्थिती. त्यामुळे सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'गर्भाशयाच्या धमनीत रक्तप्रवाहाला विरोध जास्त' असे काही दिसले, की पहिला आधार मोबाइलचा. मग घरातले ऑक्सिमीटर बोटाला लावले जाते. त्यावर ९८ दिसले, की जीव भांड्यात पडतो. पण तो आकडा आईच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा असतो. वारेपर्यंत किती रक्त पोहोचते, हे त्यातून कळत नाही.

सुरुवातीला ऑक्सिजन कमी का असतो?

वार म्हणजे प्लासेंटा. आई आणि बाळ यांच्यातला तात्पुरता अवयव. (नाळ वेगळी, ती बाळाला वारेशी जोडते.) पहिले साधारण दहा आठवडे वारेच्या पेशी आईच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी बुचासारख्या बसतात. त्यामुळे तिथे ऑक्सिजन अवघा २ ते ३ टक्के असतो. पेशींत 'एचआयएफ' नावाचे प्रथिन असते. ऑक्सिजन कमी झाला की ते टिकून राहते आणि वाढीशी संबंधित अनेक जनुके चालू करते. पेशींना ऑक्सिजनची पातळी कशी कळते, याच्या शोधाला २०१९चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. १२व्या आठवड्याच्या आसपास बुचे सुटतात, रक्त खेळू लागते आणि ऑक्सिजनची पातळी दुपटीहून जास्त होते.

प्रतिकारपेशींचे तिथे काय काम?

बाळाचे निम्मे जनुकीय गुण वडिलांचे असतात. म्हणजे आईच्या शरीरासाठी ते अर्धे परके. तरीही ते नाकारले जात नाही, ते या पेशींमुळे:

- एनके पेशी : पहिल्या तिमाहीत गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच. इथे त्या मारण्याचे नव्हे, तर रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करण्याचे काम करतात.
- टी-रेग पेशी : बाळावर होऊ शकणारा हल्ला थोपवतात.
- मॅक्रोफेज : मृत पेशींची सफाई आणि ऊतींची डागडुजी करतात.

गणित कुठे बिघडते?

रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, तर रक्त कमी आणि अडखळत येते. मग कमी ऑक्सिजन ही तात्पुरती अवस्था न राहता कायमची टंचाई होते. अशा वेळी टी-रेग पेशी कमी होतात, दाह वाढवणाऱ्या टीएच-१७ पेशी वाढतात आणि मॅक्रोफेजही दाहाकडे झुकतात. वारेतून 'एसएफएलटी-१' हे प्रथिन जास्त प्रमाणात आईच्या रक्तात जाते. ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देते आणि रक्तदाब चढतो. हाच प्रीएक्लाम्प्सिया.

मात्र एचआयएफला सरसकट खलनायक ठरवता येत नाही. जर्मनीतील ट्युबिंगन येथील संशोधकांनी उंदरांच्या काही प्रतिकारपेशींतून ते काढून टाकले. तेव्हा हल्ला थोपवणाऱ्या पेशी गर्भाशयात नीट जमल्या नाहीत आणि गर्भपात वाढले. म्हणजे ऑक्सिजन किती कमी, याइतकेच तो कधी आणि किती काळ कमी, हेही महत्त्वाचे.

पुण्यात काय संशोधन सुरू आहे?

पुनावळ्यातून जाणारा बायपास ज्या कात्रजला पोहोचतो, तिथून जवळच धनकवडीत भारती विद्यापीठाची 'इर्षा' ही संशोधन संस्था आहे. डॉ. साधना जोशी यांच्या गटाने तिथे प्रीएक्लाम्प्सिया झालेल्या मातांच्या वारेवर अनेक वर्षे काम केले आहे. त्यांच्या 'रिव्हॅम्प' अभ्यासाचा आराखडा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गरोदरपणाच्या सुरुवातीपासून प्रसूतीपर्यंत महिलांचा पाठपुरावा करून आजाराची चाहूल आधी लागते का, हे तपासले जाते.

मग करायचे काय?

- ११ ते १४ आठवडे : या काळातली सोनोग्राफी चुकवू नका. रक्तदाब, डॉपलर आणि रक्ततपासणीवरून धोका ओळखता येतो.
- अ‍ॅस्पिरिन : २०१७च्या 'अ‍ॅस्प्रे' चाचणीत जास्त धोका असलेल्या महिलांना रोज १५० मिलिग्रॅम गोळी दिली गेली. मुदतपूर्व प्रीएक्लाम्प्सियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. गोळी १६ आठवड्यांपूर्वी सुरू केल्यास उपयोग जास्त. पण ती डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यायची.
- रक्तदाब : २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा जास्त आल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा.
- धोक्याची लक्षणे : तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणे, चेहऱ्यावर अचानक सूज, बाळाची हालचाल मंदावणे. यापैकी काहीही जाणवल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नका.
- मोफत तपासणी : प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टरांकडून तपासणी होते.

घरात एखादे यंत्र घ्यायचेच असेल, तर ऑक्सिमीटरपेक्षा रक्तदाब मोजण्याचे यंत्र जास्त कामाचे.