इटालियन भाषेंतील जोडसर्वनामें

नांदगांव पेठेच्या एखाद्या घरीं मूल आईला म्हणतें, "मले ते दे." मागणारा कोण, वस्तु कोणती, द्यावयाचें कीं घ्यावयाचें, सारें तीन सुट्या शब्दांत. इटलींतलें मूल हेंच "दाम्मेलो" या एका शब्दांत उरकतें. मराठी कानाला त्यांत "मेलो" ऐकूं येतें, हा त्या भाषेचा दोष नव्हे!

"मला" यास इटालियनमध्यें "मि" आणि "तुला" यास "ति" म्हणतात. त्यांच्यापुढें "लो" किंवा "ला" हें वस्तूचें सर्वनाम आलें कीं "मि"चा "मे" व "ति"चा "ते" होतो. आधीं माणूस, मग वस्तु, हा क्रम आपल्याच वळणाचा आहे. साध्या विधानांत ही जोडी क्रियापदाच्या आधीं सुटी राहते: "मे लो दाइ", म्हणजे तूं मला तें देतोस. आज्ञा असली कीं ती क्रियापदाच्या पाठीस चिकटते. संस्कृत घोकलेल्यांना "मे", "ते", "नः" हीं रूपें आठवतील. परंतु तीं मागील शब्दावर रेलतात, म्हणून वाक्यारंभीं येत नाहींत. इटालियन जोडी क्रियापदावर रेलते, म्हणून ती खुशाल आरंभीं बसते.

खरा घोटाळा पुढेंच आहे. "त्याला" म्हणजे "ल्यि" आणि "तिला" म्हणजे "ले". पुढें "लो" येतांच दोहोंचें रूप एकच, "ल्येलो", आणि तें लिहावयाचेंही जोडूनच. आदरार्थी "आपणांस" यालाही हेंच रूप. बोलण्यांत तर "त्यांना" यासही तेंच चालतें. मराठींत "त्याला" आणि "तिला" कधीं एक होत नाहींत, त्यामुळें आपण येथें बेसावध असतों.

नांदगांव पेठेच्या औद्योगिक वसाहतींत कापडाच्या गिरण्या आहेत. समजा, तेथील एखाद्या कारकुनाला इटलीहून यंत्राच्या नकाशाविषयीं पत्र आलें: "ल्येलो मान्दो." नकाशा "आपणांस पाठवितों" कीं "त्यांच्या मुंबईच्या अडत्याला पाठवितों"? कारकून वाट पाहत बसला आणि नकाशा मुंबईस गेला, तर यंत्र तितके दिवस उभें. अशा वेळीं मागील वाक्यांत कोणाचा उल्लेख आहे तें पाहावें. तेवढ्यानें उलगडा न झाल्यास विचारावें, "आ लुइ?", म्हणजे "त्याला काय?" "आ लेइ" म्हटल्यानें मात्र काम भागत नाहीं; त्याचा अर्थ "तिला" असाही होतो आणि "आपणांस" असाही. तेथें सर्वनाम सोडून सरळ नांवच घालावें.