गोळीतील ॲस्पिरिनचे मापन : अनुमापन व एचपीएलसी यांची तुलना

इंदूरहून खंडव्याकडे जाताना सिमरोल लागते. २००९ मध्ये सुरू झालेल्या आयआयटी इंदूरचे संकुल येथे आहे आणि जिल्ह्याजवळच्या पीथमपुरात औषधांचे कारखाने आहेत. याच परिसरातील साध्या महाविद्यालयात मात्र ब्युरेट आणि फार तर एखादा यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. तेवढ्या साधनांतही औषधाच्या मापनाचा प्रकल्प चांगला होऊ शकतो. पण तुलना कोणत्या नमुन्यावर करायची, हे आधी ठरवावे लागते.

सामान्यतः ताज्या गोळ्या आणून दोन पद्धतींनी मापन केले जाते, टी-चाचणी लावली जाते आणि ‘लक्षणीय फरक नाही’ म्हणून पद्धती समतुल्य ठरवल्या जातात. ताज्या गोळीपुरते ते बरोबर आहे. पण पावसाळाभर स्वयंपाकघरात राहिलेली गोळी घेतली तर?

दमट हवेत ॲस्पिरिनचे जलीय अपघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल व ॲसिटिक आम्ल तयार होते. जुनी बाटली उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो तो याचाच. आता औषधसंहितेतील अनुमापन पाहू. चूर्ण जादा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळतात आणि उरलेला अल्कली आम्लाने मोजतात. ॲस्पिरिनच्या एका रेणूमागे अल्कलीचे दोन रेणू खर्च होतात. गोळी आधीच बिघडलेली असली तरी सॅलिसिलिक आम्लाला एक आणि ॲसिटिक आम्लाला एक, असे दोनच लागतात. म्हणजे ७५ मिलिग्रॅमच्या गोळीतील १० टक्के औषध नष्ट झाले, तरी उत्तर ७५ मिलिग्रॅमच येईल. ॲसिटिक आम्ल सगळे उडून गेले असेल, तर ९५ टक्के; ब्रिटिश औषधसंहितेची मर्यादा ९५ ते १०५ टक्के असल्याने गोळी तरीही उंबरठ्यावर उत्तीर्ण! नमुन्याचे आधी अपघटन करून सुमारे ३०० नॅनोमीटरला शोषण मोजणाऱ्या यूव्ही पद्धतीतही हाच दोष राहतो. एचपीएलसीमध्ये दोन्ही पदार्थ स्तंभातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, त्यामुळे तेथे ६७.५ मिलिग्रॅम हे खरे उत्तर मिळते. हृदयविकाराचा रुग्ण रोज हीच छोटी गोळी घेतो, म्हणून हा फरक केवळ कागदावरचा नव्हे.

अनुमापन टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नाही. औषधसंहिता मुक्त सॅलिसिलिक आम्लाची वेगळी चाचणी घेते, ती याच कारणाने. प्रकल्पात बहुधा तीच गाळली जाते.

ही उणीव स्वस्तात भरून निघते. फेरिक क्लोराइड सॅलिसिलिक आम्लाबरोबर जांभळा रंग देते. ॲस्पिरिनमधील फिनॉलिक गट झाकलेला असल्याने ते देत नाही. सुमारे ५३० नॅनोमीटरला शोषण मोजून प्रमाणवक्रावरून सॅलिसिलिक आम्ल काढावे आणि त्याला १.३०४ ने गुणावे (१८०.१६ भागिले १३८.१२). नष्ट झालेले ॲस्पिरिन मिळते. द्रावण थंड ठेवून वाचन लगेच घ्यावे, कारण ॲस्पिरिन परीक्षानळीतही फुटत असते. विद्यार्थी चहा पिऊन परत येईपर्यंत आकडा वाढलेला असतो.

तुलनेसाठी एक ताजा आणि एक मुद्दाम ओलसर, उबदार जागी ठेवलेला, असे दोन नमुने घ्यावेत. एचपीएलसी महाविद्यालयात नसेल, तर परवानगी काढून मोठ्या संस्थेत फक्त या दोन नमुन्यांचीच तपासणी करून घ्यावी. टी-चाचणी त्यानंतर लावावी, आणि बिघडलेल्या नमुन्याचे आकडे ताज्याच्या आकड्यांत मिसळू नयेत.