आरसा गेला, कडे ठेवायचे का?

श्रोतेहो, लग्नाच्या मांडवात फोटोग्राफर कॅमेऱ्याचे एक भिंग काढून दुसरे बसवताना तुम्ही पाहिला असेल. ही भिंगे, म्हणजेच लेन्स, कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या धातूच्या कड्यात फिरवून बसवतात. या कड्याला माउंट म्हणतात. दिसायला वस्तू क्षुल्लक. पण तिने मोठमोठ्या कंपन्यांना पेचात टाकले. तो पेच काय, ते पाहू.

एस.एल.आर. जातीच्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे एक तिरका आरसा असतो. तो समोरचे दृश्य वर, आपल्या डोळ्याकडे वळवतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि प्रकाश मागच्या फिल्मवर किंवा सेन्सरवर पडतो. या आरशाला हलायला जागा लागते. जपानच्या निकॉन कंपनीने १९५९ साली ‘निकॉन एफ’ हा कॅमेरा काढला, त्यात कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर ठेवले.

हे अंतर इतके महत्त्वाचे का? शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. खिडकीसमोर साधे बहिर्गोल भिंग धरावे आणि त्याच्यामागे पांढरा कागद पुढेमागे सरकवावा. बाहेरच्या झाडाचे चित्र एका ठरावीक अंतरावरच स्पष्ट उमटते. कॅमेऱ्याचे भिंगही असेच ठरल्या अंतराच्या हिशेबाने घडवलेले असते.

डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरवरचे चित्र सरळ पडद्यावर दिसते. मग आरसा हवा कशाला? आरसा काढला की कॅमेरा पातळ करता येतो, आणि भिंगाच्या काचा सेन्सरच्या जवळ नेता येतात. पण अंतर बदलले की कडेही बदलावे लागते. मग ज्याने पै-पै साठवून भिंगे घेतली, त्याने काय करायचे?

पेन्टॅक्सने २०१२ साली ‘के-०१’ मध्ये आरसा काढला, पण १९७५ पासूनचे कडे कायम ठेवले. जुनी भिंगे सरळ बसली. कॅमेरा मात्र जाडच राहिला. बैल विकले आणि गोठा तसाच ठेवला, असे झाले.

कॅननने १९८७ सालीच कडे बदलले होते. तेव्हा अंतर ४२ वरून ४४ मिलिमीटर झाले, म्हणजे वाढले. त्यामुळे मध्ये नुसते जोडकडे घालून जुनी भिंगे वापरण्याची सोय राहिली नाही. गिऱ्हाइके रागावली, यात नवल नाही.

२०१८ साली निकॉनने नवे ‘झेड’ कडे आणले, त्यात अंतर १६ मिलिमीटरच ठेवले. येथे गोष्ट उलटी झाली. अंतर घटले, तर उरलेले ३०.५ मिलिमीटर पोकळ जोडकड्याने भरून काढता येते. जुने भिंग पुन्हा आपल्या ठरल्या जागी येते. मात्र काही जुन्या भिंगांत स्वतःची मोटर नसते, आणि निकॉनच्या या जोडकड्यातही ती नाही. अशी भिंगे हाताने फिरवूनच चित्र स्पष्ट करावे लागते. कॅननने १९८७ नंतरच्या भिंगांतच मोटर घातली होती. म्हणून २०१८ च्या ‘आर.एफ.’ कॅमेऱ्यावर ती जोडकड्याने आपोआप चालतात.

तेव्हा माझे मत असे: आरसा काढायचा तर कडेही बदलावे, पण जुन्या गिऱ्हाइकासाठी जोडकडे पहिल्या दिवसापासून द्यावे. आणि तुम्ही कॅमेरा बदलणार असाल, तर पैसे मोजण्याआधी आपले प्रत्येक भिंग दुकानात न्या आणि जोडकड्यावर लावून पाहा.