विश्लेषण : वीज येऊन-जाऊन प्रिंटर ‘ऑफलाइन’ का होतो? राउटरमधील डीएचसीपी काय करते?

धाराशिव, कळंब, परांडा किंवा उमरग्यातील एखाद्या सेवा केंद्रात अर्जाच्या शेवटच्या दिवशी गर्दी असते आणि नेमकी वीज जाते. वीज परत येते, राउटरचे हिरवे दिवे लागतात, मोबाइलवर इंटरनेट सुरू होते. पण प्रिंटर मात्र ‘ऑफलाइन’ दिसतो. दोष अनेकदा ना कंपनीच्या फायबरचा असतो, ना प्रिंटरचा. तो असतो पत्त्याचा.

पत्ता कोण देते?

वाय-फायला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता लागतो. तो आपोआप वाटण्याची पद्धत म्हणजे डीएचसीपी. तिचे पहिले मानक १९९३ मध्ये आले आणि आज वापरात असलेले मुख्य मानक १९९७ चे आहे. नवरात्रात तुळजापूरच्या एखाद्या भक्तनिवासात व्यवस्थापक वहीत पाहून रिकामी खोली ठरावीक मुदतीसाठी देतो, तसेच राउटर पत्ता देतो. या मुदतीला ‘लीज’ म्हणतात. निम्मी मुदत संपली की उपकरण स्वतःच ती वाढवून मागते.

मग वीज गेल्यावर काय बिघडते?

घरगुती वापराच्या अनेक राउटरमधील ही ‘वही’ वीज जाताच पुसली जाते. वीज आल्यावर वाटप नव्याने सुरू होते आणि प्रिंटरचा जुना पत्ता एखाद्या मोबाइलला मिळू शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. सीसीटीव्हीचे चित्र अचानक दिसेनासे होण्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असते.

सेटिंग कसे करावे?

राउटरच्या खालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. वाय-फायला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांत टाका आणि लॉगिन करा. ‘लॅन’ किंवा ‘नेटवर्क’ विभागात ‘डीएचसीपी सर्व्हर’ सापडेल. तो ‘इनेबल’ ठेवा. सुरुवातीचा पत्ता १९२.१६८.१.१०० आणि शेवटचा १९२.१६८.१.१९९ ठेवला, तर १०० उपकरणांची सोय होते. (राउटरचा पत्ता ०.१ ने संपत असेल, तर पत्त्यातील तिसरा आकडा ० ठेवावा.) घरासाठी २४ तासांची लीज पुरते. दिवसभर ये-जा असलेल्या दुकानात ती २ तासांची ठेवली, तर निघून गेलेल्यांचे पत्ते लवकर मोकळे होतात. शेवटी ‘सेव्ह’ करा.

प्रिंटरचा पत्ता कायम कसा राहील?

त्याच विभागात ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक बाइंडिंग’ असते. तेथे प्रिंटरचा मॅक क्रमांक आणि त्याच्यासाठीचा पत्ता नोंदवा. मग वीज कितीही वेळा गेली, तरी तो पत्ता दुसऱ्या कोणाला मिळत नाही. नवे मोबाइल मात्र वाय-फायला बनावट मॅक क्रमांक दाखवतात. मोबाइलसाठी पत्ता राखून ठेवायचा असल्यास ही सोय त्या वाय-फायपुरती बंद करावी.

घरात दोन राउटर असतील तर?

जाड दगडी भिंतींच्या जुन्या वाड्यात आतल्या खोलीपर्यंत वाय-फाय पोहोचत नाही, म्हणून जुना राउटर तिथे जोडला जातो. दोन्ही राउटर पत्ते वाटू लागले, की काही मोबाइलवर इंटरनेट चालते आणि काहींवर नाही. उपाय सोपा आहे. जुना राउटर जोडण्यापूर्वी तो एकटा सुरू करा आणि त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून त्याचे डीएचसीपी बंद करा. मग मुख्य राउटरची केबल त्याच्या ‘वॅन’मध्ये नव्हे, तर ‘लॅन’ पोर्टमध्ये लावा. हा क्रम पाळावा. डीएचसीपी आधी बंद केले, तर मोबाइलला पत्ताच मिळणार नाही आणि पुढचे सेटिंग अडेल.

बिघाड कसा ओळखावा?

विंडोज संगणकावर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, असे समजावे. केबल आणि डीएचसीपी तपासावे. पत्ता योग्य असूनही इंटरनेट नसेल, तरच कंपनीकडे तक्रार करावी.

बदल करण्यापूर्वी जुन्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा आणि राउटरचा मूळ ‘अॅडमिन’ पासवर्ड बदला. हे काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे. मात्र ते अर्जाच्या शेवटच्या दिवशी नव्हे, आधीच उरकलेले बरे.