'चालेल'ला इंग्रजीत काय म्हणावे?

कॅडेट मित्रांनो, 'चहा की कॉफी?' असे कोणी विचारले की आपण मराठी मुले पटकन म्हणतो, "काहीही चालेल." मराठीत हा संकोच शोभून दिसतो. इंग्रजीत त्याच्या जवळचे रूप म्हणजे 'आय डोन्ट माइंड'. चुकूनही 'आय डोन्ट केअर' म्हणू नका. ते 'मला काय त्याचे!' असे ऐकू येते.

पण मनात पसंती असेल तर ती सांगावी. 'आय लाइक टी' ही आवड झाली. तेवढ्याने कप हातात येईलच असे नाही. चहा आत्ता हवा असेल तर 'आय वुड लाइक सम टी'.

सर्वांत जास्त अडखळणे होते ते 'प्रिफर'पाशी. आपल्या मनात 'कॉफीपेक्षा' असते, म्हणून तोंडून 'दॅन' निघते. बरोबर वाक्य आहे 'आय प्रिफर टी टू कॉफी'. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर हे लॅटिनमधून आलेले शब्द 'टू' घेतात. प्रिफरही त्याच घरातला. 'ही इज सीनियर टू मी' हे तर आपल्याला पहिल्या आठवड्यातच पाठ होते!

'वुड रादर'चे उलट आहे. तेथे 'दॅन'च लागतो आणि क्रियापद मूळ रूपात राहते : 'आय वुड रादर वॉक दॅन वेट.' दुसऱ्याने काही करावे असे वाटत असेल तर 'आय वुड रादर यू केम टुमॉरो'. उद्याची गोष्ट आणि भूतकाळ? दचकू नका. 'तू उद्या आलास तर बरे' असे आई फोनवर म्हणते, तेव्हा तीही हेच करते. नकार देताना 'आय डोन्ट वॉन्ट' बोचते, 'आय वुड रादर नॉट' सौम्य वाटते.

एनडीएच्या अर्जात भूदल, नौदल, वायुदल यांचा पसंतीक्रम भरावा लागतो. एसएसबीच्या मुलाखतीत 'व्हाय नेव्ही फर्स्ट?' असा प्रश्न येऊ शकतो. 'एनी सर्व्हिस, सर' हे उत्तर नम्र खरे, पण ते तुम्हीच भरलेल्या क्रमाशी जुळत नाही. 'आय प्रिफर द नेव्ही टू द आर्मी, सर, बिकॉज...' अशी सुरुवात करा. 'बिकॉज'नंतरचे मात्र ज्याचे त्याने शोधायचे.

पालकांनाही विनंती : सुट्टीत घरी आलेल्या मुलामुलींनी 'नाश्त्याला काय करू?' याला 'काहीही' म्हटले, तर गॅस पेटवू नका. पोहे की उपमा, आणि का, हे आधी विचारा.