युफोर्बियाला ऊन भरपूर, पाणी बेताने

उन्हाळ्यात रोपवाटिकेतून आणलेला युफोर्बिया फुलांनी डवरलेला असतो आणि पहिल्याच पावसाळ्यात बुडाशी कुजून जातो, ही तक्रार बागप्रेमींकडून नेहमी ऐकू येते. दोष मग रोपाला दिला जातो. वास्तविक हे झुडूप काटक आहे, नीट जपले तर वर्षानुवर्षे टिकते आणि वर्षातले बरेच महिने फुलते. ते दगावते बहुधा जास्त पाण्याने. रोज सकाळी सगळ्या कुंड्यांना सारखे पाणी घालण्याची आपली सवय जास्वंदीला मानवते, युफोर्बियाला मात्र घातक ठरते. पाणी हात राखून देणे हीच या झाडाची खरी निगा आहे.

याचे कारण त्याच्या मूळ घरात सापडते. युफोर्बिया मिली हे मादागास्करचे झाड. तिथे ते खडकाळ जागी, जेमतेम माती असलेल्या कपारींत वाढते. रियुनियन बेटाचे फ्रेंच गव्हर्नर बॅरन मिलियस यांनी ते १८२१ मध्ये फ्रान्सला नेले, असे मानले जाते. त्यांच्याच नावावरून १८२६ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण झाले. आज आपल्याकडे मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या बहुतेक जाती थायलंडमध्ये संकरातून तयार झालेल्या आहेत, तरी मूळचा कोरड्या जागेचा स्वभाव त्यांनी सोडलेला नाही. झाडाकडे जवळून पाहिले तर तो दिसतोही. खोड जाडसर आणि पाणी साठवणारे, पाने बहुतेक शेंड्याकडे, आणि देठाशी असणाऱ्या उपपर्णांचे झालेले काटे. लाल-गुलाबी पाकळ्या म्हणून आपण ज्यांचे कौतुक करतो, ती खरे म्हणजे दोन रंगीत पाने असतात. खरी फुले त्यांच्या मध्यभागी, अगदी बारीक असतात. ही रंगीत पाने लवकर कोमेजत नाहीत, म्हणून बहर आठवडेच्या आठवडे टिकल्यासारखा वाटतो.

अशा झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत ओली राहिली की तिच्यातल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीचे फावते. काळी चिकण माती कुंडीत वापरू नये, ती याचसाठी. निम्मी लाल माती आणि उरलेल्या भागात जाड वाळू, विटांचा चुरा व थोडे कुजलेले शेणखत, असे मिश्रण चांगले. रोप नुसत्या कोकोपीटमध्ये आले असेल, तर ते लवकर बदलावे, कारण कोकोपीट ओल फार काळ धरून ठेवते. कुंडीच्या तळाचे भोक मोकळे असावे आणि खाली बशी ठेवू नये. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत कोरडे लागले तरच भरपूर पाणी द्यावे, नाहीतर थांबावे. सोलापूर-लातूरकडे हे झाड पावसाळ्यातही उघड्यावर तग धरू शकते. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात मात्र जूनपासून ते छपराखाली, पण उजेडात ठेवणे शहाणपणाचे.

यावर कोणी म्हणेल, पाणी कमी केले की पाने पिवळी पडून गळतात, त्याचे काय? पाने गाळणे हा पाणी वाचवण्याचा त्याचा उपाय आहे. अशा वेळी खोड हलकेच दाबून पाहावे. ते टणक असेल तर झाड जिवंत आहे आणि पाणी मिळताच पालवी फुटेल. बुडाशी मऊ व तपकिरी लागले, तर ती कुज आहे आणि पाणी घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे. मात्र कमी पाणी म्हणजे कमी ऊन नव्हे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात हे झाड उंच, किडकिडीत होते आणि फुलत नाही. त्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. झाड काटेरी आहे आणि त्याचा पांढरा चीक त्वचेला व डोळ्यांना दाह करतो. हे खरेच आहे. लहान मुले आणि पाळीव प्राणी पोचतील तिथे कुंडी ठेवूच नये. पण शेताच्या कुंपणाला लावलेले थोर आणि शेर याच कुळातले, तसेच चिकाचे. त्यांच्या जवळपास कसे वावरायचे, हे गावाकडच्या माणसाला ठाऊक असते. छाटणी करताना हातमोजे घालावेत, चीक लागल्यास साबणाने धुवावा. डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावा आणि डॉक्टरांकडे जावे.

कुज लागलेले झाडही बहुधा वाचवता येते. वरचा निरोगी शेंडा बोटभर लांब कापावा, चीक पाण्याने धुवावा आणि काप सुकेपर्यंत दोन-तीन दिवस सावलीत ठेवावा. मग तो जवळपास कोरड्या वाळूमिश्रित मातीत लावावा. मुळे धरेपर्यंत पाण्याची घाई करू नये. घरात युफोर्बिया असेल तर आज पाणी घालण्याआधी एकदा मातीत बोट घालून पाहा आणि ओल लागली तर झारी खाली ठेवा.