गोठा कोणाच्या बळावर?

दारीं गाय असावी, असें आपणांपैकीं सर्वजण म्हणतात. परंतु पहाटे उठून शेण कोणीं काढावें, हा प्रश्न निघतांच पडवींतील पुरुषमंडळी वर्तमानपत्रांत डोकें घालतात. मालवण-कुडाळकडील कित्येक गोठे आज लांकूडफांटा ठेवण्याच्या कामीं येतात. मुलें मुंबईस गेलीं, नांगराच्या जागीं पॉवर टिलर आला, दूध पिशवींतून मिळूं लागलें, हीं कारणें खरीं आहेत. तथापि आमच्या पाहण्यांत असें आलें कीं, गोठ्याचा सारा भार ज्या घरीं एकट्या सुनेवर होता, तेथील दावण सर्वांआधीं रिकामी झाली.

आपली लहानखुरी गाय कांहीं टाकाऊ नव्हे. ‘कोंकण कपिला’ या नांवानें २०१८ सालीं तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली आहे. दूध दिवसाला दोन-अडीच लिटरच. पण येथील मुसळधार पाऊस, दमट उष्मा व जांभ्या दगडाचे चढउतार ती सोसते, आणि पेंढा व सड्यावरील गवत यांवर गुजराण करते. जर्सी गाय दूध अधिक देते, परंतु तिला खुराकही अधिक लागतो व उष्माही अधिक बाधतो. घरापुरतें दूध आणि माडांना खत एवढाच हेतु असेल, तर कपिलाच बरी.

तिची निगा अवघड नाहीं, मात्र ती चुकवून चालत नाहीं. गोठ्याची जमीन उताराची असावी. मूत्र सांचून ओल राहिली कीं खूर बिघडतात. गोचीड रोज पाहावी. पेंढा पावसांत भिजूं देऊं नये. बुरसलेला तर मुळींच घालूं नये. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीं टोंचून घ्याव्या, लाळ्या-खुरकुताची वर्षांतून दोनदां. गाय व्याल्यावर पहिला चीक वासराला तासाभरांत पाजावा. खरवसाचा विचार त्याचें पोट भरल्यानंतर!

‘रघुवंशां’तील दिलीप राजानें नंदिनीची एकवीस दिवस सेवा केली, ती परिवार परत पाठवून, स्वतः रानांत हिंडून. चक्रवर्तीस जें कमीपणाचें वाटलें नाहीं, तें आपल्या घरांतील पदवीधरास कां वाटावें? एकत्र कुटुंबांत चार हात असतात. एकानें शेण काढावें, दुसऱ्यानें वैरण आणावी, तिसऱ्यानें धार काढावी; सणाच्या किंवा आजाराच्या दिवशीं कोण उभा राहील, तेंही आधींच ठरवावें.

असें ठरत नसेल तर गाय आणूं नये, हेंच प्रामाणिकपणाचें. असलेली सांभाळवत नसेल, तर ती जाणत्या शेतकऱ्याच्या घरीं पोंचवावी. रस्त्यावर मोकाट सोडणें हा धर्म नव्हे. दिवाळीच्या पाडव्याला गुरांस ओवाळण्याचा मान सर्वांना हवा असतो. शेणाची पाटी उचलण्याची पाळीही तशीच सर्वांनीं वांटून घ्यावी.